वळिवड्याची छावणी : कृष्णा-पंचगंगेच्या मुलुखातील एक युद्धकालीन स्थलांतर

दुसऱ्या महायुद्धातील मुलांच्या स्थलांतराचा विषय निघाला की इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा ब्रिटनचेच चित्र येते. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले, त्याच दिवशी लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर यांसारख्या शहरांतून मुलांना खेड्यापाड्यांत हलविण्याची आधीच आखून ठेवलेली योजना अमलात आली, आणि अवघ्या तीन दिवसांत मुले, तान्ह्या बाळांच्या माता, गर्भवती स्त्रिया व शिक्षक मिळून सुमारे पंधरा लाख लोक आगगाड्यांनी बाहेर पडले. मुलांच्या कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली असे आणि गळ्यात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याचा डबा लटकलेला असे. ज्या घरात मूल ठेवले जाई, त्या घराला एका मुलासाठी आठवड्याला दहा शिलिंग सहा पेन्स आणि एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी साडेआठ शिलिंग सरकारकडून मिळत. लगेच बॉम्बवर्षाव झाला नाही, म्हणून वर्षअखेरपर्यंत निम्म्याच्या आसपास मुले आपापल्या घरी परतलीही. या योजनेत गैरसोयी पुष्कळ होत्या, काही मुलांच्या वाट्याला निष्ठुर घरेही आली, परंतु तिचा पाया एका गृहीतावर उभा होता, ते म्हणजे युद्ध संपले की मूल ज्या गल्लीतून निघाले त्याच गल्लीत परत जाईल. हे गृहीत सगळीकडे खरे नव्हते. ते जिथे सपशेल खोटे ठरले, अशा मुलांपैकी काही हजार मुले मिरजेवरून कोल्हापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत वाढली.

या मार्गाच्या उत्तरेला पसरलेला त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यात होता, आणि सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी लहानमोठी संस्थाने त्याच्या आतबाहेर विखुरलेली होती. युद्धाच्या सहा वर्षांत या टापूत वेगवेगळ्या राष्ट्रांची मुले वेगवेगळ्या कारणांनी येऊन राहिली. पाचगणीच्या निवासी शाळांत ब्रिटिश अधिकाऱ्यांची मुले पूर्वीपासून असत. पण सहा-सात वर्षांचे झाले की मूल इंग्लंडला शिकायला धाडायचे हा हिंदुस्थानातील गोऱ्या कुटुंबांचा शिरस्ता समुद्रावरील पाणबुड्यांच्या भीतीने मोडला आणि डोंगरावरील शाळांचे महत्त्व एकदम वाढले. मुलांना समुद्रापार सुरक्षित ठिकाणी पाठविणे किती धोक्याचे आहे याचा धडा ब्रिटनला १७ सप्टेंबर १९४० रोजी मिळाला होता, कारण काशीचे नाव धारण करणारे ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज कॅनडाच्या वाटेवर जर्मन पाणबुडीने बुडविले आणि सरकारी योजनेतून निघालेल्या नव्वद मुलांपैकी सत्त्याहत्तर दगावली. दुसरीकडे हिंदुस्थानात काम करणाऱ्या जर्मन मिशनऱ्यांची कुटुंबे शत्रुराष्ट्राची म्हणून पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात ‘पॅरोल’ छावण्यांत, म्हणजे पळून न जाण्याच्या वचनावर थोडी मोकळीक मिळणाऱ्या स्थानबद्धतेत, ठेवली होती. त्यांची मुले युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ त्याच आवारात वाढली. परंतु संख्येने, मुक्कामाच्या लांबीने आणि मागे उरलेल्या खुणांनी सर्वांत मोठा ठरलेला समूह पोलिश मुलांचा आणि त्यांच्या आयांचा होता.

ही मुले जर्मन विमानांना भिऊन निघालेली नव्हती, आणि ही गोष्ट आजही पुष्कळदा चुकीची सांगितली जाते. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले. पोलंडचा हा पूर्वेकडील पट्टा पोलिश भाषेत ‘क्रेसी’, म्हणजे सीमाप्रदेश, म्हणून ओळखला जाई. तेथे पोलिश लोकांबरोबर युक्रेनी, बेलारूशी, ज्यू आणि लिथुआनियनही राहत. सोव्हिएत सत्तेने तेथील जमीनदार, पूर्वी सैन्यात असलेले आणि सरकारकडून जमिनी मिळालेले शेतकरी, वनरक्षक, पोलीस, शिक्षक अशा लोकांना सहकुटुंब उचलून सायबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. १० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन हिवाळ्यात, पहिली मोठी लाट निघाली, एप्रिलमध्ये दुसरी, जूनच्या सुमारास तिसरी आणि १९४१ च्या मे-जूनमध्ये चौथी. हद्दपार झालेल्यांचा आकडा वादाचा आहे. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या कागदपत्रांवरून तो तीन लाखांच्या थोडा पुढे जातो, तर जुने पोलिश अंदाज दहा लाखांच्याही वर होते. एप्रिलच्या लाटेत प्रामुख्याने ज्यांचे पती किंवा वडील आधीच कैदेत होते अशी कुटुंबे होती, म्हणजे स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. पुढे वळिवड्याला जी वस्ती झाली तिच्यात कर्त्या पुरुषांची जी उणीव दिसते, तिचे मूळ येथे आहे.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच चाल केली तेव्हा कालचे शत्रू मित्र झाले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करार केला, आणि त्यानुसार ऑगस्टमध्ये हद्दपार पोलिश नागरिकांना ‘माफी’ जाहीर झाली. कोणताही गुन्हा न केलेल्या माणसांना माफी देण्याचा हा प्रकार त्या काळच्या सरकारी भाषेचा नमुना म्हणून ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागताच लाकूडतोडीच्या छावण्यांतून आणि सामूहिक शेतांवरून लोक दक्षिणेकडे, उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तानच्या दिशेने, मिळेल त्या गाडीने निघाले. वाटेत विषमज्वराने आणि उपासमारीने कितीतरी आया मेल्या. कितीतरी आयांनी मुलांना जगविण्यासाठी सैन्याने चालविलेल्या अनाथालयांत स्वतःहून सोडले. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये सैनिक व नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. किनाऱ्यावर अंगावरचे सगळे कपडे काढून जाळले जात, उवांमुळे बायका-मुलांची डोकी भादरली जात, अंघोळ घालून नवे कपडे दिले जात आणि मगच पलीकडच्या स्वच्छ तंबूंत प्रवेश मिळे. तेथे आयते अन्न मिळाल्यावर उपाशी पोटांना ते सोसले नाही, म्हणूनही माणसे मेली. इराणच्या भूमीत अडीच हजारांहून अधिक पोलिश थडगी आहेत.

इराणने या लोकांना कायमचे ठेवून घ्यावे अशी स्थिती नव्हती, म्हणून ब्रिटिश साम्राज्यात आणि साम्राज्याबाहेर जागा शोधणे सुरू झाले. काही लोक टांगानिकाला, युगांडाला गेले, काही मेक्सिकोत सांता रोसा येथे, १९४४ च्या नोव्हेंबरात सातशेहून अधिक मुले न्यूझीलंडमध्ये पाहिआतुआ येथे. हिंदुस्थानात येणारी पहिली मुले कॅस्पियन समुद्रावरून आलीच नाहीत. ती अश्गाबादहून मालमोटारींनी मशहद, झाहेदान असा वाळवंटातला रस्ता कापून सरहद्दीवर आली, तेथून आगगाडीने मुंबईला पोहोचली आणि १९४२ च्या उन्हाळ्यात वांद्र्याला काही आठवडे राहिली. मुंबईतील पोलिश महावाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की आणि पोलिश रेड क्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी या व्यवस्थेचा मोठा भार उचलला. त्याच वर्षीच्या जुलैत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानातील बालाचडी येथे, समुद्रकाठी, या मुलांसाठी छावणी उघडली. तेथे राहिलेल्या मुलांची संख्या सहाशेपासून हजारापर्यंत वेगवेगळी सांगितली जाते. त्यांतील बहुतेक अनाथ किंवा एकच पालक हयात असलेली होती. जामसाहेब साम्राज्याच्या युद्धमंत्रिमंडळावर होते आणि नरेंद्रमंडळाचे प्रमुखही होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाने इतर संस्थानिकांकडून आणि उद्योगपतींकडून निधीही जमला.

सातारा जिल्ह्याचा संबंध येथून सुरू होतो. सायबेरियाच्या थंडीत आणि तुर्कमेनिस्तानच्या उन्हात होरपळलेल्या मुलांची फुप्फुसे दुबळी झाली होती, आणि क्षयावर अजून खात्रीचे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा, पण ते सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे लागली. तोवर उपचार म्हणजे कोरडी हवा, दूध-अंडी आणि पूर्ण विश्रांती. पाचगणी ही या उपचाराची ख्यातनाम जागा होती. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी तिला आरोग्यस्थान म्हणून आकार दिला, आणि १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचे सॅनिटोरियम तेथे काढले. पाचगणीला पोलिश मुलांसाठी आरोग्यगृह चालविले गेले, आणि काही पोलिश मुले-मुली तेथील इंग्रजी शाळांत दाखल झाली. वाठार स्टेशनावर उतरून वाई, मग पसरणीचा घाट, हा पाचगणीचा जुना रस्ता. त्या रस्त्याने तोवर मुंबईचे पारशी आणि गोरे साहेब हवा पालटायला जात आले होते.

बालाचडी ही मुलांची छावणी होती. इराणमध्ये अजून हजारो स्त्रिया मुलांसह खोळंबलेल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी मोठी, कुटुंबांना राहता येईल अशी वस्ती हवी होती. ती कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, पंचगंगेच्या जवळ, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावरील वळिवडे गावाशेजारी वसविण्याचे ठरले. हवा समशीतोष्ण, पाणी हाताशी, रेल्वे दारात, आणि जमीन संस्थानची. हा निर्णय कोल्हापूरच्या छत्रपतींच्या औदार्याचे फळ म्हणून आज सांगितला जातो, तेव्हा एक साधी गोष्ट नजरेआड होते. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात निवर्तले होते, दत्तक घेतलेले बालराजे शिवाजी १९४३ मध्ये जेमतेम दीड वर्षांचे होते, आणि कारभार महाराणी ताराबाईसाहेबांच्या नावाने राजप्रतिनिधी मंडळ पाहत होते. संस्थानने जागा दिली आणि सोयी केल्या, ही गोष्ट कमी मोलाची नाही. परंतु छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारने सोसला, त्या सरकारला पैसा ब्रिटिश कर्जातून मिळत होता, आणि देखरेख हिंदुस्थान सरकारच्या निर्वासित खात्याकडे होती. छावणीचे प्रमुख म्हणून कॅप्टन व्लादिस्लाव यागिएल्लोविच हे पोलिश अधिकारी होते. बालाचडीच्या कथेत एका राजाचा चेहरा ठळक दिसतो. वळिवड्याच्या कथेत तसा एकच चेहरा नाही, फायली, हिशेब आणि करार आहेत, आणि म्हणूनच कदाचित तिला बालाचडीच्या कथेचा पोशाख चढविण्याचा मोह होतो.

१९४३ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी वळिवड्याला वस्ती सुरू झाली. मुंबईहून येणाऱ्याला पुण्याला गाडी बदलून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मीटरगेज मार्गाने लोणंद, वाठार, कोरेगाव, कऱ्हाड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्थानके मागे टाकत मिरजेला यावे लागे, आणि तेथून कोल्हापूरची शाखा धरावी लागे. हा मार्ग त्या वर्षी हिंदुस्थानातील सर्वांत अस्वस्थ मुलुखांपैकी एका मुलुखातून जात होता. आदल्या वर्षी ९ सप्टेंबरला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळीबार झाला होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश सत्ता झुगारून गावोगाव न्यायनिवाडा आणि बंदोबस्त पाहणारी समांतर व्यवस्था, मूळ धरत होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या सशस्त्र तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, आणि पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव मारले गेले. ज्या साम्राज्याच्या तिजोरीवर घाला घालणे हे या मुलुखातील तरुणांना कर्तव्य वाटत होते, त्याच साम्राज्याच्या आश्रयाने पोलिश आया मुलांना घेऊन त्याच रुळांवरून वळिवड्याला पोहोचत होत्या. त्यांच्या दृष्टीने ब्रिटिश हे सुटका करणारे होते. दोन्ही बाजूंचे अनुभव खरे होते.

तुफान सेनेचे केंद्र असलेले कुंडल हे औंध संस्थानातील गाव होते, आणि औंधाशी एका पोलिश माणसाचा घनिष्ठ संबंध निर्वासितांची गाडी येण्याच्या कितीतरी आधी जडलेला होता. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले विद्युत अभियंते म्हैसूर संस्थानात नोकरीला आले, गांधीजी आणि रमण महर्षी यांच्याकडे ओढले गेले, भगवी वस्त्रे धारण करून भारतानंद झाले आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या स्नेहामुळे औंधला पोहोचले. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८-३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचा जो विलक्षण प्रयोग केला, त्याच्या राज्यघटनेच्या जडणघडणीत गांधीजींच्या सल्ल्याबरोबर फ्रिडमन यांचा वाटा होता, आणि आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीची कल्पनाही त्यांची मानली जाते. १९४४ मध्ये त्यांनी वांदा दिनोव्स्का, म्हणजेच उमादेवी, यांच्याबरोबर भारतीय विचार पोलिश भाषेत आणण्यासाठी एक ग्रंथमाला सुरू केली. आपल्या देशातून उखडलेल्या लोकांना हिंदुस्थान समजावा, ही दोघांची तळमळ होती.

छावणी लहानशा गावाएवढी होती. जवळपास पाच हजार लोकवस्ती झाली, आणि तीत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. लांबच लांब बराकींच्या ओळी, वर कौले, बाजूंना तट्ट्यांच्या भिंती. एका बराकीत अनेक कुटुंबांची बिऱ्हाडे, प्रत्येकाला खोली-दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. तट्ट्याच्या भिंतीला कान असतात, हे चाळीत राहिलेल्या वाचकाला सांगावे लागत नाही. बालाचडीला सर्वांचा स्वयंपाक एकत्र होई, येथे मात्र कुटुंबाला रोख भत्ता मिळे आणि चूल ज्याची त्याने चालवायची, हा फरक वरवर किरकोळ दिसला तरी त्याने वस्तीचे स्वरूपच बदलले. बाजारहाट करायची म्हणजे भाजीवाली, दूधवाला, अंडीवाला यांच्याशी घासाघीस आली, आणि घासाघीस करायची तर आकडे आणि चार शब्द मराठी-हिंदीचे यायलाच हवेत. रशियात वाटलेला पाव मिळतो की नाही या चिंतेत वाढलेली मुले येथेही पहिले काही महिने उशीखाली पावाचे तुकडे लपवून ठेवीत, अशा आठवणी या मुलांनी पुढे मोठेपणी लिहून ठेवल्या आहेत. मच्छरदाणी, उकळलेले पाणी, हिवताप, बुटात शिरलेला विंचू आणि छपरावर चार महिने कोसळणारा कोल्हापूरचा पाऊस यांची ओळख त्यांना हळूहळू झाली.

त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, विजापूरकडे अवर्षण होते, आणि मुंबईत मे महिन्यापासून धान्याचे रेशनिंग सुरू झाले होते. या पार्श्वभूमीवर वळिवड्याच्या रहिवाशांना नियमित भत्ता मिळत होता, ही गोष्ट लपविण्यासारखी नाही आणि त्यांच्या माथी मारण्यासारखीही नाही. मदत कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हे भुकेवरून ठरत नव्हते. कोणते सरकार कोणाचा हिशेब उचलते, यावरून ठरत होते. आसपासच्या गावांनी या गोऱ्या पण गरीब लोकांकडे कुतूहलाने पाहिले. हिंदुस्थानात तोवर गोरा म्हणजे साहेब. गोरी बाई स्वतः भांडी घासते, कपडे धुते आणि भाजीच्या दरावरून भांडते, हे दृश्य साम्राज्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते, आणि पोलिश वस्ती शक्य तितकी स्वयंपूर्ण व अलग ठेवण्यामागे ही अडचणही असावी.

अलगपणाचे दुसरे कारण पोलिश बाजूचे होते, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये शहरी मूल खेड्यातल्या घरी राहिले तरी भाषा, शाळा आणि प्रार्थना तीच होती. वळिवड्याच्या मुलांना मराठी किंवा इंग्रजी घरांत वाटून दिले असते, तर पाच वर्षांनी त्यांच्यापैकी किती पोलिश उरली असती? म्हणून छावणीत बालवर्गापासून माध्यमिक शाळेपर्यंत आणि धंदेशिक्षणापर्यंत सगळे शिक्षण पोलिश भाषेत उभारले गेले. पुस्तके अपुरी, शिक्षकही स्वतः हद्दपारी भोगून आलेले, आणि विद्यार्थी असे की वय बारा पण शाळेची दोन-तीन वर्षे लाकूडतोडीच्या छावणीत वाया गेलेली. चर्च होते, रुग्णालय होते, अनाथ मुलांसाठी वसतिगृह होते, नाटके होत, आणि पोलिश राष्ट्रीय सण विधिपूर्वक पाळले जात. बालवीर चळवळीला येथे विशेष जोर होता. तिचे एक नेते झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हे सोव्हिएत युद्धकैदेतून वाचलेले तरुण अधिकारी होते. त्यांच्याबरोबरचे हजारो पोलिश अधिकारी १९४० मध्ये कॅटिनच्या जंगलात गोळ्या घालून मारले गेले, आणि पेश्कोव्स्की पुढे धर्मगुरू होऊन आयुष्यभर त्या हत्याकांडाच्या स्मृतीसाठी झटले. एप्रिल १९४३ मध्ये कॅटिनची बातमी जगापुढे आली, मॉस्कोने त्यावरून पोलिश सरकारशी संबंध तोडले, आणि वळिवड्याची वस्ती होत होती तेव्हाच रशियात मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या सुटकेची वाट बंद झाली.

छावणीतील पुरुष कुठे होते याचे उत्तर टपालातून येई. आंदेर्स यांचे सैन्य इराक-पॅलेस्टाइनमार्गे इटलीत उतरले, आणि १८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोच्या मठावर पोलिश झेंडा लागला. त्याच लढाईत मठाखालच्या खोऱ्यातली नदी ओलांडणाऱ्या आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, आणि सातारा हा या रेजिमेंटच्या भरतीचा जुना मुलूख. वर्षभराने ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर पोलिश कोअर आणि आठवी हिंदी डिव्हिजन एकाच दिवशी चाल करून गेल्या. त्याच दिवशीच्या पराक्रमासाठी याच पलटणीतील अहमदनगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीहून येणारी लष्करी पत्रे एकाच वेळी वळिवड्याच्या बराकीत आणि कोरेगाव, कऱ्हाड, खटावच्या खेड्यांत वाचली जात होती, आणि वाईट बातमीची तारही दोन्हीकडे सारख्याच धास्तीने उघडली जात होती. या योगायोगाची नोंद दोन्ही बाजूंच्या इतिहासात क्वचितच एकत्र आढळते.

युद्ध संपले आणि वळिवड्याची खरी अडचण सुरू झाली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत पोलंडचा पूर्व पट्टा सोव्हिएत संघाला देण्याचे मान्य झाले, म्हणजे छावणीतल्या बहुतेक कुटुंबांची गावे आता पोलंडच्या नकाशातच उरली नाहीत. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सामधील साम्यवादी छत्राखालच्या सरकारला दिली, त्यामुळे छावणीचा खर्च करणारे सरकारच कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. जबाबदारी आधी ब्रिटिशांकडे, मग युद्धपीडितांच्या मदतीसाठी संयुक्त राष्ट्रांनी काढलेल्या उन्रा या संस्थेकडे आणि १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. वॉर्साच्या सरकारला मुले परत हवी होती, आणि ज्यांनी सायबेरिया भोगला होता ते परत जायला तयार नव्हते. अनाथ मुलांच्या बाबतीत प्रश्न सर्वांत नाजूक होता, कारण त्यांच्या वतीने नकार देणार कोण? बालाचडीचे प्रमुख फादर प्लुटा यांनी मुलांना सक्तीने नेले जाऊ नये म्हणून दत्तकविधानाचा कायदेशीर आडोसा उभा केला, आणि मुलांच्या एका गटाला अमेरिकेला पोहोचविले. बालाचडी १९४६ च्या अखेरीस बंद झाली आणि तेथील उरलेली मुले वळिवड्याला आली.

ज्यांचे पती, मुलगे किंवा भाऊ आंदेर्स यांच्या सैन्यात होते, त्यांना ब्रिटनचे दार उघडले, कारण १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने त्या सैनिकांना तेथे राहण्याची मुभा दिली होती. इतरांपैकी काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे गेले, थोडे पोलंडला परतले. सहा-सात वर्षांची असताना क्रेसीतून निघालेली मुले पंधरा-सोळाव्या वर्षी लंडनच्या किंवा ब्रॅडफर्डच्या धुक्यात पुन्हा एका छावणीत उतरली. ब्रिटनच्या खेड्यांत गेलेली मुले तोवर घरी परतून दोन-तीन वर्षे झाली होती. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत काही पोलिश थडगी मागे राहिली. १९४८ च्या पूर्वार्धात वळिवडे रिकामे झाले.

ते फार दिवस रिकामे राहिले नाही. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या हिंदू कुटुंबांना याच बराकींत आणून वसविण्यात आले, आणि वस्तीचे नाव गांधीनगर झाले. सरकारी दृष्टीने ही निव्वळ सोय होती, कारण पाच हजार माणसांची कौलारू वस्ती, रेल्वे आणि विहिरी तयारच होत्या. सिंधी कुटुंबांनी घरातून निघताना बरोबर आणलेले भांडवल म्हणजे व्यापाराचा अनुभव, आणि त्यावर त्यांनी तेथे कापडाची बाजारपेठ उभी केली. कोल्हापूरबरोबर सांगली, मिरज, इचलकरंजीकडचे किरकोळ दुकानदार लग्नसराईपूर्वी गांधीनगरला घाऊक खरेदीला जाऊ लागले, ते आजतागायत. पोलिश लोक परदेशी पाहुणे म्हणून अलग राहिले होते. त्यांच्या जागी आलेले निर्वासित मात्र नागरिक होते आणि कायमचे राहणार होते, त्यामुळे त्यांना स्थानिक भाषा, स्थानिक राजकारण आणि स्थानिक स्पर्धा यांत उतरणे भाग पडले. युद्धकाळातील निर्वासितांवरील बहुतेक लेखन वळिवडे १९४८ मध्ये संपले असे धरून थांबते, आणि त्यामुळे एकाच जागेवरच्या या दुसऱ्या स्थलांतराची, जे आकाराने नाही तरी परिणामाने मोठे होते, दखल अपुरी राहते.

साम्यवादी राजवटीत पोलंडमध्ये या छावणीविषयी उघड बोलणे अवघड होते, कारण छावणीचा उल्लेख करायचा तर सोव्हिएत हद्दपारीचा उल्लेख अटळ होता. आठवणी जपल्या त्या लंडनमध्ये स्थायिक झालेल्या माजी रहिवाशांनी, आणि त्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यातही पोलिश मंत्र्यांच्या उपस्थितीत स्मारकाचे अनावरण झाले, आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सामधील जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकांना भेट दिल्यावर हा विषय मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. दोन्ही देशांना राजनैतिक मैत्रीसाठी ही कथा सोयीची आहे, आणि तीत खोटे काही नाही. फक्त तिच्यात लंडनमधल्या निर्वासित सरकारने काढलेले कर्ज, साताऱ्याच्या प्रतिसरकारची धामधूम, पाचगणीचे आरोग्यगृह, कोल्हापूरच्या बाजारातल्या भाजीवाल्या आणि बराकींचे पुढचे सिंधी रहिवासी यांना जागा उरत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा वळिवड्याची मुले साठीच्या आसपास पोहोचली होती. त्यांच्यापैकी ज्यांना आपले मूळ गाव एकदा पाहावेसे वाटले, त्यांना त्यासाठी युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियाची सरहद्द परदेशी प्रवासी म्हणून ओलांडावी लागली.